चौतीस वर्षं वाहणारा माझा कान आणि मिरजेतला हा कान-नाक-घसा विभाग

मी कोल्हापुरात उद्यमनगरला डिझेल गाड्यांचं काम करतो. वय ४३. तिसरीत असताना गावच्या विहिरीत पोहायला शिकलो, त्याच पावसाळ्यात सर्दी झाली आणि उजवा कान वाहायला लागला. तो २०२३ पर्यंत थांबून थांबून वाहतच राहिला. त्या ऑगस्टमध्ये इथं पहिल्यांदा आलो, दिवाळीनंतर ऑपरेशन झालं, आणि आता दीड वर्ष कान कोरडा आहे. माझ्यासारखा जुना कान घेऊन फिरणारी माणसं गॅरेजमध्ये रोज भेटतात, त्यांनी वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधीची हकीकत थोडक्यात सांगतो. लहानपणी आईनं खोबरेल तेलात लसूण कडकवून घातला. कुणी तुरटी सांगितली, कुणी मध. कळायला लागल्यावर मेडिकलमधून ड्रॉप्स आणायला लागलो. चार दिवस घातले की कान सुकायचा, पंधरा दिवसांनी उशीवर पुन्हा पिवळा डाग. पुढं एका दवाखान्यात अकरा वर्षं जात होतो. दरवेळी बॅटरीनं कानात एक नजर, तेच ड्रॉप्स, पाच दिवसांच्या गोळ्या. "जुना कान आहे, सर्दी झाली की वाहणारच, पाणी जाऊ देऊ नका." अकरा वर्षांत कुणी कान पुसून, कोरडा करून आतला पडदा नीट बघितला नाही. मीही कधी विचारलं नाही, याचं मला आज वाईट वाटतं. दुसऱ्याच्या गाडीचा नोझल खोलल्याशिवाय मी पार्ट बदलायला सांगत नाही, आणि स्वतःच्या कानाला मात्र अकरा वर्षं न खोलता तेल टॉप-अप करत बसलो.

एकदा तर कान आतून ओला ओला वाटत होता म्हणून कॉम्प्रेसरच्या नळीची हवा लांबून मारून घेतली. सगळं गॅरेज गरगर फिरलं. पोराच्या खांद्याला धरून खाली बसलो आणि उलटी झाली. गॅरेजवाल्यांनो, हे कधीही करू नका. कानाच्या पडद्याच्या आतच तोल सांभाळणारा भाग असतो, हे मला इथं आल्यावर कळलं.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत फरक पडला होता. पाणी कमी झालं, पण वास वाढला. बायको बाजूला झोपायची तर तिला वास यायचा. ती काही बोलायची नाही, पण उशीचा अभ्रा दोन दिवसाआड बदलायची. मधूनच कापसावर रक्ताचा थेंब दिसायचा. पाणी कमी झालं म्हणजे कान बरा होतोय असं मी धरून चाललो होतो. इथल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की ते उलटं आहे. भरपूर, चिकट, बिनवासाचं पाणी येत असेल तर बहुतेक वेळा पडद्याला मधोमध भोक असतं आणि तो कान त्या मानानं कमी धोक्याचा. थोडंसंच येतं पण घाण वास मारतं, रक्त येतं, तर वरच्या भागात हाड खाणारा आजार असू शकतो. ही एक गोष्ट मला वीस वर्षांपूर्वी कुणी सांगायला पाहिजे होती.

आता इथल्या तपासणीबद्दल. मला पहिल्या खेपेला पंचेचाळीस मिनिटं दिली. आधी मायक्रोस्कोपखाली झोपवलं आणि बारीक नळीनं आतली घाण ओढून कान साफ केला. सक्शनचा आवाज कानात फार मोठा वाटतो आणि मध्येच चक्कर येते, पण मॅडम आधीच सांगतात, "मिस्त्री, गरगरलं की हात वर करा, मी थांबते." दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा थांबल्या. साफ झाल्यावर समोरच्या स्क्रीनवर कान दाखवला. पडदा मोत्यासारखा चमकायला पाहिजे, माझा खालचा भाग तसा थोडाफार होता. वरच्या कोपऱ्यात मात्र खड्डा, आणि त्या खड्ड्यात पांढरे पापुद्रे, कांद्याच्या सालीसारखे एकावर एक.

त्याला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. नाव ऐकून बायकोचा चेहरा उतरला, तिनं लगेच विचारलं, "कॅन्सर आहे का मॅडम?" कॅन्सर नाही. ती साधी कातडीच आहे, फक्त नको त्या जागी वाढलेली. हे असं का होतं, हे मॅडमनी सांगितलं ते मला माझ्या भाषेत असं समजलं. नाकाच्या मागून कानाच्या पोकळीत एक नळी जाते, तिनं आत हवा खेळती राहते. डिझेलच्या टाकीच्या झाकणाला हवेचं बारीक भोक असतं ना, तसंच. ते भोक बुजलं की टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पत्रा आत ओढला जातो. माझी नळी लहानपणापासून नीट चालत नव्हती, म्हणून पडद्याचा वरचा पातळ भाग आत ओढला जाऊन त्याची पिशवी झाली. कातडीचे मेलेले पापुद्रे एरवी आपोआप बाहेर येतात, इथं त्या पिशवीत अडकले, त्यात जंतू बसले आणि पिशवी वाढता वाढता शेजारचं हाड खायला लागली. मी हे टाकीचं बोलून दाखवल्यावर मॅडम म्हणाल्या, "बरोबर, अगदी तसंच." त्या दिवशी पहिल्यांदा मला माझा आजार कळला.

ड्रॉप्सनं का बरा झाला नाही, तेही तेव्हाच कळलं. औषध त्या पिशवीच्या आत पोचतच नाही. तेलकट ब्लॉकवर कितीही भारी एम-सील लावा, ते धरत नाही, तसंच.

मग नादकाटा. शाळेत विज्ञानाच्या तासाला बघितला होता तोच, दोन दात्यांचा. मॅडमनी तो कोपरावर आपटून आधी कानामागच्या हाडावर टेकवला, मग कानासमोर धरला, आणि विचारलं कुठं मोठा ऐकू येतो. उजव्या कानाला हाडावर मोठा येत होता, हवेत जवळजवळ नाहीच. डाव्याला उलटं. मग कपाळाच्या मधोमध टेकवला, तर आवाज उजवीकडं गेला, म्हणजे खराब कानातच जास्त! मी म्हटलं, मॅडम, हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे. आमच्या कामात बेअरिंग खराब आहे का बघायला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनच्या केसिंगवर टेकवतात आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावतात. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग, टायमिंग गिअर, प्रत्येकाचा आवाज वेगळा. मी कायम उजव्या बाजूला मूठ लावायचो, कारण तिकडं आवाज स्वच्छ यायचा, आजूबाजूचा गोंगाट मध्ये यायचा नाही. गॅरेजमधली पोरं म्हणायची, मिस्त्रींचा उजवा कान तेज आहे. प्रत्यक्षात त्या कानाची बाहेरून येणारी वाट बंद होती, म्हणून हाडातून येणारा आवाज तेवढा ठळक वाटायचा. मॅडम हसल्या नाहीत. केसपेपर बाजूला ठेवून त्यांनी स्क्रूड्रायव्हर नेमका कुठं टेकवतो ते मला दाखवायला लावलं आणि म्हणाल्या, "मग तुमचा आतला कान शाबूत आहे, ही चांगली बातमी." या एका वाक्यावर माझा या विभागावर विश्वास बसला.

नंतर बंद खोलीत मशीनवर ऐकण्याची चाचणी झाली. हवेतून ५५ डेसिबल, हाडातून १५. यात आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी. मधला फरक म्हणजे पडदा आणि तीन हाडांच्या साखळीचं नुकसान. हातोडा, ऐरण आणि रिकीब (घोड्यावर बसताना पाय ठेवतात ती) ही त्या हाडांची नावं, पहिली दोन तर आमच्याच धंद्यातली हत्यारं. मग कानाच्या हाडाचा बारीक कापांचा सीटी स्कॅन काढला. त्यात ऐरण जवळजवळ खाल्ली गेली होती, रिकीब शाबूत होती. स्वॅबही पाठवला होता, त्यात स्यूडोमोनास नावाचा जंतू आला. जुन्या वाहत्या कानात हा पुष्कळ वेळा सापडतो म्हणे. त्याच्यावर कोणतं औषध चालतं हे रिपोर्टमध्ये लिहून येतं. माझी मेडिकलमधून आणलेली जुनी बाटली बघून मॅडमनी ती बाजूला ठेवून दिली. त्यात निओमायसिन होतं. पडदा फाटलेला असताना अशी औषधं आतल्या कानात उतरून तिथली नस खराब करू शकतात. म्हणून कान वाहतोय म्हणून दुकानातून परस्पर ड्रॉप्स आणू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. आणि महिनोन्महिने ड्रॉप्स घातले तर कानात बुरशी धरते. ती मलाही एकदा झाली होती. काळे ठिपके पडलेला ओला कागद असतो ना, तसं कानातून निघायचं आणि खाज थांबायची नाही.

ऑपरेशनच्या आधी तीन आठवडे कान साफ करून सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे ड्रॉप्स दिले. ते घालायचे कसे हेही तिथल्या सिस्टरनी करून दाखवलं. बाटली आधी मुठीत धरून अंगाच्या उबेला आणायची, गार औषध घातलं तर चक्कर येते. कुशीवर झोपायचं, थेंब टाकायचे, कानाच्या तोंडाशी जी छोटी कुरकुरी असते ती बोटानं चार-पाच वेळा दाबायची आणि पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. तीस-पस्तीस वर्षं मी उभ्या उभ्या थेंब टाकून गाडीखाली जात होतो. आंघोळीला व्हॅसलीन चोळलेला कापसाचा बोळा. इअरबड, काडी, किल्ली, कोंबडीचं पीस, सगळं बंद.

ऑपरेशनचं सांगताना मॅडमनी काहीही लपवलं नाही. पहिला उद्देश कान कोरडा आणि सुरक्षित करायचा, ऐकू येणं दुसऱ्या नंबरवर. हे तीनदा सांगितलं, आमच्याकडून वदवून घेतलं. हा आजार तसाच ठेवला तर हाड खात मेंदूच्या पडद्यापर्यंत जाऊ शकतो, चेहऱ्याची नस त्याच रस्त्यातून जाते, आतल्या कानाला भोक पडू शकतं. ऑपरेशनमध्येही त्या नसेला धोका असतो, कमी पण असतो. ऐकू येणं आणखी कमी होऊ शकतं, जिभेची चव बदलू शकते. घरी जाऊन दोन दिवस विचार करा म्हणाल्या. लगेच ॲडमिट व्हा, असा घायकुतेपणा केला नाही.

पूर्ण भूल देऊन साडेतीन तास चाललं. कानामागून कापून, तिथलं हाड हिऱ्याच्या बारीक ड्रिलनं कोरून आजार काढला आणि कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण घेऊन नवा पडदा रिकिबीवर टेकवला. शुद्धीवर आल्या आल्या मॅडम पहिलं वाक्य बोलल्या, "मिस्त्री, दात दाखवा. आता डोळे घट्ट मिटा." चेहऱ्याची नस चालते का ते बघत होत्या. मिटले. मग त्यांनी माझा खांदा थोपटला. बायको दाराशी उभी होती, तिनं तिथंच हात जोडले.

डोक्याचं बँडेज दुसऱ्या दिवशी काढलं, टाके आठव्या दिवशी, कानातलं पॅक तिसऱ्या आठवड्यात. दुखणं मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी. चवीचा मात्र त्रास झाला. जिभेच्या उजव्या कडेला दोन महिने पितळेची चव, चहा नको व्हायचा. ती चव हळूहळू गेली. सहा आठवडे वजन उचलायला बंदी, म्हणजे गिअरबॉक्सला हात नाही. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. हे पाळणं अवघड नाही, पण घरच्यांनी लक्षात आणून द्यावं लागतं. धंद्याचं सांगायचं तर दीड महिना कमाई अर्ध्यावर आली, त्याची तजवीज आधी करून ठेवा.

आता निकाल. सहा महिन्यांनी चाचणी केली, ५५ चे ३८ डेसिबल झाले. म्हणजे पूर्ण आलं नाही. फोन अजून डाव्या कानालाच लावतो. पण दुकानात मागून कुणी हाक मारली तर आता वळून बघतो. वास गेला. बायको आता अभ्रा आठवड्यानं बदलते.

कान पहिल्यासारखा झाला असं मात्र कुणी समजू नये. आत हाड कोरल्यामुळं मोकळी पोकळी झाली आहे, ती स्वतः साफ होत नाही. दर सहा महिन्यांनी इथं येऊन मायक्रोस्कोपखाली साफ करून घ्यावी लागते, आणि हे जन्मभराचं आहे. मॅडमनी हे ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं. थंडीत गाडीवर गार वारा कानात शिरला की गरगरतं, म्हणून हेल्मेट आणि आत कापूस. विहीर कायमची बंद. गेल्या मे महिन्यात धाकट्याला पोहायला शिकवायला माझ्या भावाला पाण्यात उतरवलं, मी कट्ट्यावर दोरी धरून बसलो होतो.

ज्यांच्या पडद्याला नुसतं मधोमध भोक आहे त्यांचं ऑपरेशन यापेक्षा लहान असतं आणि ऐकण्यातही पुष्कळ वेळा चांगला फरक पडतो. माझ्या शेजारच्या खाटेवर कवठेमहांकाळच्या एक बाई होत्या, त्यांचं तसंच होतं, त्या दुसऱ्या दिवशी घरी गेल्या. म्हणून आपला कान कोणत्या प्रकारचा आहे हे आधी कळणं महत्त्वाचं, आणि ते साफ करून बघितल्याशिवाय कळत नाही.

खर्च: केसपेपर १००, ऐकण्याची चाचणी ५००, सीटी ३,५००, ऑपरेशन आणि दोन दिवसांचं राहणं सगळं मिळून ५८,०००. मी रोख भरले. सरकारी योजनेची खिडकी तळमजल्यावर आहे, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथं विचारा. मी विचारलं नाही, ती माझी चूक.

आता तक्रारी, कारण इथलं काम मनापासून आवडलं म्हणूनच त्या सांगतोय. साडेआठला टोकन घेतलं तरी नंबर साडेबाराला लागतो. डिस्चार्ज कार्ड सगळं इंग्रजीत. सिस्टरनी मला पाठीमागं मराठीत लिहून दिलं, पण ते छापूनच का देत नाहीत? आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बाहेर बसलेल्या पेशंटना नाव तोंडानं पुकारतात. बसलेल्यातल्या निम्म्यांना कमी ऐकू येतं. दोन वेळा माझ्यासमोर म्हाताऱ्या माणसांचा नंबर निघून गेला, त्यांना कळलंही नाही. जयसिंगपूरकडचे एक आजोबा दहा वाजल्यापासून बसले होते, दोन वाजता खिडकीवर गेले तर त्यांना सांगितलं की नाव पुकारून झालं. त्यांना काही बोलता आलं नाही, गपचूप परत येऊन बसले. मी आत जाऊन सांगितलं तेव्हा मॅडमनी त्यांना लगेच घेतलं. पण रोज कोण सांगणार? लाल आकड्यांचा बोर्ड बँकेत असतो तसा इथं लावा. पुढच्या तपासणीला सप्टेंबरमध्ये येणार आहे, बोर्ड बसवायला माणूस नसेल तर वायरिंग मी स्वतः करून देतो, मजुरी नको.